स्लीप ॲप्निया असताना मद्य : किती, केव्हा आणि मास्क कुठे

दोन पेग घेतले की झोप छान लागते, असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला झोप खरोखरच लवकर लागते. त्या झोपेत पुढे काय घडते हे मात्र त्याने पाहिलेले नसते, ते पाहिलेले असते शेजारी झोपलेल्या माणसाने. आधी घोरण्याचा सूर चढत जातो, मग तो मध्येच तुटतो आणि खोली एकदम शांत होते. छाती आणि पोट हलत असते, पण नाकातोंडातून हवा येत-जात नसते. शेजारचा माणूस अंधारात मनातल्या मनात आकडे मोजू लागतो, दहा, वीस, कधी तीस, आणि मग गुदमरल्यासारखा आवाज करून श्वास परत सुरू होतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, अशी आपल्याकडची समजूत असल्यामुळे हा प्रकार कित्येक घरांत वर्षानुवर्षे थट्टेचा विषय होऊन राहतो. ज्या रात्री 'बसणे' झालेले असते त्या रात्री ती शांतता अधिक लांबते, हेही घरच्यांच्या लक्षात आलेले असते; त्याचे कारण मात्र त्यांना सहसा कोणी सांगितलेले नसते.

ज्यांना स्लीप ॲप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या या आजाराचे, निदान झालेले आहे किंवा तशी दाट शंका आहे आणि जे अधूनमधून मद्य घेतात, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. मद्य अजिबात न घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय, याबद्दल वाद नाही. तरीही लग्नकार्य, श्रावणाआधीची गटारी, थर्टी फर्स्ट हे दरवर्षी यायचेच, आणि 'घेऊ नका' एवढे दोन शब्द सांगून डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळले की उरलेले प्रश्न माणूस स्वतःच्याच अंदाजाने सोडवतो. तो अंदाज बहुधा चुकतो.

घशात नेमके काय होते

पडजिभेपासून स्वरयंत्रापर्यंतच्या घशाच्या भागाला सभोवार हाडांचा किंवा कूर्चेचा पक्का आधार नसतो. ही नळी उघडी राहते ती स्नायूंच्या ताणामुळे, आणि त्यांतला सर्वांत महत्त्वाचा स्नायू जिभेचा असतो, जो जिभेला पुढे ओढून धरतो. जागेपणी हे काम आपल्या नकळत चालू असते. झोपेत हा ताण सैलावतो. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, मानेभोवती चरबी आहे किंवा खालचा जबडा मागे आहे, त्यांची नळी अशा वेळी पूर्ण किंवा अर्धवट मिटते. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. पूर्ण आणि अर्धवट मिळून असे प्रसंग तासाला किती आले, हा आकडा तपासणीच्या अहवालात एएचआय या नावाने दिलेला असतो. तो 5 ते 15 असेल तर आजार सौम्य, 15 ते 30 असेल तर मध्यम आणि 30 च्या वर असेल तर तीव्र मानतात.

नळी मिटली की रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, कार्बन डायऑक्साइड चढू लागतो आणि छाती बंद दारावर धडका द्याव्यात तशी जोर लावते. मेंदूला याची खबर मिळते आणि तो क्षणभर झोप मोडतो. स्नायू पुन्हा ताठ होतात, घसा उघडतो, श्वास सुरू होतो. ही जाग इतकी अल्प असते की सकाळी तिची आठवणही राहत नाही. रात्रभर झोपेचा विचका करणारी ही जागच त्या माणसाची राखण करीत असते.

मद्य नेमके या दोन्ही ठिकाणी आडवे येते. जिभेच्या स्नायूकडे जाणारी आज्ञा ते मंदावते, त्यामुळे नळी लवकर आणि वारंवार मिटते; शिवाय जाग येण्याचा उंबरठा ते उंचावते, त्यामुळे मिटलेली नळी उशिरा उघडते आणि दरम्यान प्राणवायू अधिक खाली जातो. अंग सैल पडणे आणि कशानेही जाग न येणे या ज्या गुणांसाठी लोक झोपण्यापूर्वी मद्य घेतात, तेच गुण स्लीप ॲप्नियात घातक ठरतात. निरोगी माणसाला मिळणारी 'छान झोप' आणि या रुग्णाला होणारा अपाय ही एकाच क्रियेची दोन नावे आहेत, हे एकदा नीट समजले की 'थोडी घेतली तर झोपेला बरी' हा युक्तिवाद उरत नाही. याखेरीज मद्याने नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि नाक चोंदते, त्यामुळे हवा आत ओढायला आणखी जोर लागतो.

ही माहिती नवी नाही. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीत सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा शोध लावून तो 1981 मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच गटाने पुढच्याच वर्षी मद्य, घोरणे व ॲप्निया यांच्या संबंधावरचे निरीक्षण मांडले. एरवी केवळ घोरणाऱ्या माणसांतही मद्यानंतर श्वास थांबू लागतो आणि ज्यांचा तो आधीच थांबतो त्यांचा त्रास वाढतो, असे त्यात दिसले होते. पुढे 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात जास्त मद्य घेणाऱ्यांमध्ये स्लीप ॲप्नियाचा धोका सुमारे 25 टक्के अधिक आढळला.

रात्रीचे दोन भाग

सर्वाधिक त्रास झोपेच्या पहिल्या काही तासांत होतो, कारण तेव्हा रक्तातले मद्य सर्वांत जास्त असते. या भागात झोप जड असते आणि स्वप्नांची झोप मद्यामुळे दबलेली असते. पहाटेकडे मद्य उतरते आणि दाबलेली स्वप्नांची झोप उसळून वर येते. स्वप्नांच्या झोपेत अंगाचे बहुतेक स्नायू निसर्गतःच लुळे पडतात, आणि म्हणून पुष्कळ रुग्णांचा ॲप्निया याच टप्प्यात एरवीही सर्वांत वाईट असतो. म्हणजे पूर्वार्ध मद्याने बिघडतो आणि उत्तरार्ध मद्य उतरल्याने. मध्ये लघवीला उठणे असतेच: मद्य मूत्रपिंडांना पाणी राखू देत नाही आणि ॲप्नियामुळे हृदयावर येणारा ताणही लघवी वाढवतो. साठीच्या पुढचे गृहस्थ याचा सगळा दोष प्रोस्टेटला देऊन मोकळे होतात. कधी तो असतोही, पण दर वेळी नव्हे.

सकाळचे डोके दुखणे, कोरडा घसा आणि दिवसभराची पेंग यांना मग 'हँगओव्हर' म्हटले जाते. एका छोट्या पेगने हँगओव्हर होत असेल, तर तो बहुधा मद्याचा नसून रात्रभर अडखळलेल्या श्वासाचा असतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. करोनाच्या काळात घरोघरी आलेला बोटावरचा ऑक्सिमीटर सकाळी उठून लावला आणि 97 दिसले, म्हणून रात्र नीट गेली असे होत नाही. प्राणवायू उतरतो तो झोपेत आणि जाग येताच पूर्वपदावर येतो.

पेला मोजणे

'मी फक्त बिअर घेतो' या वाक्याने फसगत होते, म्हणून हिशेब ग्रॅममध्ये करावा. पद्धत सोपी आहे: मिलिलिटरला बाटलीवरच्या टक्केवारीने गुणावे, 100 ने भागावे आणि आलेल्या उत्तराला 0.79 ने गुणावे. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर 42.8 टक्के असे छापलेले असते. त्यामुळे 30 मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम आणि 60 च्या मोठ्या पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम मद्यार्क असतो. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलिलिटरमध्ये, साधारण 61 ग्रॅम. पाच टक्क्यांच्या 650 मिलिलिटर बिअरमध्ये 25 ग्रॅमच्या आसपास, पण तीच बाटली आठ टक्क्यांची 'स्ट्राँग' असेल तर 41 ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. 13 टक्क्यांच्या वाइनचा 150 मिलिलिटरचा पेला 15 ग्रॅमचा होतो. काजूची फेणी घरगुती बाटलीतून आली असेल तर टक्केवारी कळायला मार्ग नसतो. अशा वेळी ती व्हिस्कीइतकी तरी कडक धरावी.

घरी ओतलेला पेग हा ओतणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून असतो. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी खुणांची टोपी एकदा पेल्यात रिकामी करून पाहावी. आपला नेहमीचा 'छोटा' किती मोठा आहे ते बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा कळते.

घड्याळ लावणे

यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्क निकामी करते आणि या कामाची गती वाढवण्याचा कोणताही उपाय नाही. लिंबूपाणी, दही, थंड पाण्याची अंघोळ किंवा काळी कॉफी यांनी यकृत घाई करीत नाही. कॉफीने तर उरलीसुरली झोपही जाते. आता हिशेब पाहा. साडेसातला सुरुवात करून नऊपर्यंत दोन मोठे पेग घेतले, म्हणजे 40 ग्रॅम. ते संपायला चार ते सहा तास लागतात. अकराला अंथरुणावर पडले तर झोपेचा पहिला आणि सर्वांत नाजूक टप्पा मद्य अंगात असतानाच सुरू होतो. त्याऐवजी एकच मोठा पेग साडेसात ते आठ या वेळात घेतला आणि बाराला झोपले, तर बहुतेकांच्या रक्तात तोपर्यंत फारसे काही उरत नाही. शेवटचा घोट आणि झोप यांत किमान चार तासांचे अंतर, आणि एकंदर 20 ग्रॅमच्या वर जायचे नाही, ही मर्यादा मी स्वतः पाळतो. ती सुरक्षिततेची हमी नव्हे. कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट म्हटलेले आहे. स्त्रियांमध्ये आणि कमी वजनाच्या माणसांमध्ये तेवढेच मद्य रक्तात अधिक चढते, म्हणून त्यांनी मर्यादा आणखी खाली आणावी.

आपल्या बैठकीची रीत नेमकी उलटी असते. नऊला पेले भरायचे, अकरापर्यंत चकण्यावर भागवायचे, साडेअकराला मटण-भाकरी आणि बाराला आडवे व्हायचे. यात मद्य, भरलेले पोट आणि वर येणारे आम्लपित्त असे तिन्ही एकाच वेळी घशावर येतात. जेवण आधी किंवा सोबतच करावे, बैठक लवकर सुरू करून लवकर उठावे. यजमानाला वाईट वाटेल अशी भीती असते, पण पेल्यात सोडा आणि लिंबाची फोड असली की सहसा कोणी चौकशी करीत नाही.

एएचआय तीव्र गटात असून उपचार सुरू नसतील, किंवा जोडीला हृदयविकार, हृदयाचे अनियमित ठोके, दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर वरचा सगळा हिशेब लागू नाही. तेथे मद्याचा आकडा शून्य.

यंत्र आणि मास्क

सीपॅप वापरणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक दाबाच्या आकड्यात नसते. मास्क न लावताच डोळा लागतो, ही ती चूक. काही वर्षांपूर्वी नाशिकला एका लग्नात माझे यंत्र गाडीच्या डिकीत राहिले होते आणि दोन पेगांनंतर ते आणायला खाली उतरण्याचा मला कंटाळा आला. सकाळी डोके जड झालेले, आणि शेजारच्या गादीवरचा मामेभाऊ चेहरा ओढलेला. "दादा, रात्री मी तुला तीनदा हलवलं. तू श्वास घेतोयस की नाही तेच कळेना," तो म्हणाला. त्याची झोप गेली ती गेलीच, मला मात्र हलवल्याचे काहीही आठवत नव्हते. तेव्हापासून बाहेरगावी खोलीत पाऊल टाकल्याबरोबर यंत्र उशाशी मांडणे, पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी भरणे, एक्स्टेन्शन बोर्ड लावणे आणि मास्क उशीवर ठेवणे हे सगळे मी पहिला पेला उचलण्याआधी करतो. उशीवर मास्क असला की तो बाजूला केल्याशिवाय आडवे होता येत नाही. थकलेल्या, झिंगलेल्या मनाला एवढी आठवण पुरते.

यंत्राचा दाब ठरावीक असेल तर तो बहुधा मद्य न घेतलेल्या रात्री ठरवलेला असतो. स्वतःहून कमीजास्त करणारे यंत्र असेल तर ते आपल्या मर्यादेत दाब वाढवू शकते. म्हणून यंत्र लावल्याने धोका पुष्कळ कमी होतो, पण त्याचा अर्थ पेला वाढवण्याची सोय झाली असा घेऊ नये. मद्यामुळे तोंड उघडे पडते आणि फक्त नाकाचा मास्क असेल तर हवा तोंडावाटे निसटते. दाब स्वतःच्या मनाने वाढवू नये.

एका बाबतीत सावध राहावे. मळमळत असेल किंवा उलटी होईल असे वाटत असेल, तर नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क लावून झोपू नये; उलटी मास्कमध्ये अडकून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा रात्री माणसाने एकटे झोपू नये आणि कुशीवरच झोपावे. इतके घेण्याची वेळ मुळात येऊ न देणे हे अर्थातच सोपे. शुद्ध हरपल्यासारखी वाटली, हाक मारून वा हलवूनही प्रतिसाद येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणून थांबू नये, 108 ला फोन करावा.

यंत्राचा एक उपयोग फार थोडे लोक करून घेतात. ते रोज सकाळी आदल्या रात्रीचा एएचआय, मास्कमधली गळती आणि वापराचे तास दाखवते. एक साधी वही करावी आणि महिनाभर रोज पाच गोष्टी लिहाव्यात: किती ग्रॅम घेतले, शेवटचा घोट किती वाजता, झोप किती वाजता, सकाळचा एएचआय आणि गळती. महिनाअखेरीस कोरड्या रात्री आणि ओल्या रात्री वेगवेगळ्या करून पाहाव्यात. उपचारावर एएचआय सहसा 5 च्या खाली राहावा अशी अपेक्षा असते. कोरड्या रात्री तो 2 आणि पेगच्या रात्री 7 दिसत असेल, तर कोणाच्या उपदेशाची गरज राहत नाही. ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावी. दाबात बदल हवा की नाही हे ठरवायला ती उपयोगी पडते.

यंत्र नसेल तर

उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते, म्हणून कुशीवर झोपावे. झोपेत पालथे-उताणे होण्याची सवय असेल तर जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवावा. हा उपाय हास्यास्पद दिसतो, पण पुष्कळांना लागू पडतो. मद्याच्या अमलाखाली मात्र चेंडू टोचल्याचेही कळत नाही, एवढे लक्षात ठेवावे. पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी. नुसत्या दोन उशा घेतल्या की मान पुढे वाकते आणि घसा उलट अरुंद होतो. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचा फवारा चालतो.

औषधे

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांपैकी काहीही घेतले असेल, त्या दिवशी मद्याचा थेंबही घेऊ नये. ही औषधे आणि मद्य एकमेकांचा परिणाम वाढवतात आणि या दोघांत मिळून श्वास दीर्घकाळ थांबू शकतो. सर्दीच्या साध्या गोळीनेही गुंगी येते, तीही या यादीत धरावी. गोळी सकाळी घेतली होती, हे कारण चालत नाही. काही औषधांचा अंमल दिवसभर उरतो.

तपासणीची रात्र, आणि रोज घेणारे

स्लीप स्टडीच्या दिवशी मद्य घेऊ नये, अशी सूचना सहसा दिलेली असते. पण जो माणूस रोज घेतो त्याने हे तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे, प्रमाणासकट. एका कोरड्या रात्रीचा अहवाल त्याच्या नेहमीच्या रात्रींपेक्षा सौम्य येऊ शकतो. बायकोसमोर सांगायचा संकोच असेल तर कागदावर लिहून द्यावे.

रोज मोठ्या प्रमाणात घेणाऱ्याने हा लेख वाचून एका रात्रीत सगळे बंद करू नये. अचानक सोडल्याने हात थरथरणे, भ्रम आणि क्वचित झटकेही येतात. सोडायचे ते वैद्यकीय देखरेखीखाली. पुण्यात 1986 पासून काम करणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका महाराष्ट्रात आणि गोव्यात भरतात, आणि 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे. सोडल्यावर पहिले काही आठवडे झोप उडाल्यासारखी वाटते, आणि नेमके याच काळात पुष्कळजण 'झोपेपुरती' म्हणून परत सुरू करतात. त्या दिवसांत मास्क न चुकता लावावा. पुढे वजनही उतरू लागते, कारण मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममागे 7 कॅलरी असतात आणि चकण्याचा हिशेब त्याहून वेगळा.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. रात्री बारापर्यंत क्वार्टर संपवणाऱ्याच्या अंगात पहाटे पाचला मद्य शिल्लक असू शकते, आणि समजा ते उतरले असले तरी तुटक झोपेची पेंग उतरलेली नसते; ती कोणत्याही नळीत फुंकून मोजता येत नाही. उपचार न घेतलेल्या स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांचे गाडीवरचे नियंत्रण थोड्या मद्यानेही इतरांपेक्षा अधिक ढळते, असे आभासी गाडीवरच्या प्रयोगांत दिसलेले आहे. तेव्हा लग्नघरातून पहाटे पाचला निघून घाट उतरायचा बेत असेल, तर तो आदल्या रात्री पेला हातात घेण्यापूर्वीच बदलावा: निघायची वेळ अकरावर न्यावी, किंवा किल्ली न पिणाऱ्याच्या हाती देऊन आपण मागच्या सीटवर बसावे.